जुन्या गाडीला नवे इंजिन : खर्च करावा की गाडी सोडावी?

यवतमाळ जिल्ह्यातील कापड व्यापाऱ्याचा निम्मा धंदा दुकानात चालतो आणि निम्मा चाकांवर. आर्णी, दारव्हा, दिग्रस, नेर, घाटंजी, पांढरकवडा, उमरखेड येथील आठवडी बाजारांत माल घेऊन जाणाऱ्यांत आपल्या बांधवांची संख्या मोठी आहे. कोणी तयार कपडे नेतो, कोणी चादरी, कोणी बांगड्या, चपला किंवा भांडी. या मंडळींसाठी गाडी ही चैनीची वस्तू नाही. कात्री आणि मीटरपट्टी जशी, तशीच गाडी. ती बंद पडली की त्या आठवड्याचा बाजार बुडतो.

अशा गाडीला दहा-बारा वर्षे झाली की एक दिवस मिस्त्री सांगतो, "शेठ, इंजिन गेले." खर्च विचारावा तर तो गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास निघतो. मग दुकानात, घरात, मशिदीबाहेरच्या गप्पांत सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, भंगारात टाका. दुसरा म्हणतो, इंजिन टाका, गाडी अजून दहा वर्षे पळेल. दोघेही हिशेब न करता बोलत असतात. हा निर्णय अंदाजाने किंवा जुन्या गाडीच्या मायेपोटी करण्याचा नाही. त्याची एक रीत आहे आणि ती येथे क्रमाने मांडत आहोत.

शकुंतलेचा धडा

इंजिन बदलण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडलेले आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे, म्हणजे आपली शकुंतला. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून तिला ओढत होते. सत्तर वर्षांची नोकरी करून ते १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आले.

इंजिन बदलले, पण रूळ जुनेच राहिले. नव्या इंजिनात ताकद असली तरी खालच्या मार्गाची ती वेगाने पळू देण्याची ऐपत नव्हती. गाडी ताशी वीस किलोमीटरच्या आसपास रांगत राहिली आणि मागच्या दशकात ती बंद पडली. इंजिन हा गाडीचा एक भाग आहे, संपूर्ण गाडी नव्हे. बाकीचे अंग थकलेले असेल तर नव्या इंजिनाचा पैसा वसूल होत नाही.

आपल्या धंद्यातही हेच दिसते. पोत शाबूत असेल तर रफू वर्षानुवर्षे टिकतो. विरलेल्या कापडावर कितीही चांगल्या कारागिराने रफू केला तरी शेजारचा धागा तुटतो.

इंजिन खरोखर गेले आहे काय?

पहिली गोष्ट म्हणजे "इंजिन गेले" या शब्दांवर लगेच विश्वास ठेवू नये. मिस्त्री खोटे बोलतो असे आमचे म्हणणे नाही. पण इंजिन पूर्ण खोलण्याआधी थोड्या पैशांत काही तपासण्या होतात, त्या करून घ्याव्यात.

धुराचा रंग पुष्कळ सांगतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. तो फक्त सकाळी चालू करताना निघून थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात आणि तो लहान खर्च आहे. चढावर, भरल्या मालाने जाताना निळा धूर सतत निघत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजल्याचा संशय घ्यावा. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत मात्र ऑइल टर्बोतूनही येते. तेव्हा दोष इंजिनावर लादण्याआधी टर्बो तपासावा. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. तेथे आधी एअर फिल्टर आणि इंजेक्टर पाहावेत. पांढरा दाट धूर, रेडिएटरचे पाणी कमी होणे आणि ऑइल दुधाळ दिसणे या तिन्ही खुणा एकत्र आल्या तर हेड गॅस्केट फुटल्याची किंवा हेडला तडा गेल्याची शक्यता असते. ते काम मोठे असले तरी पूर्ण इंजिनाचे नव्हे.

यानंतर कॉम्प्रेशनची तपासणी. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. पेट्रोल गाडीत एखाद्याचा दाब कमी आला तर त्यात थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा दोष आहे. ही तपासणी काही मिनिटांची असते. ती न करता इंजिन उतरवू देणे म्हणजे नाडी न पाहता शस्त्रक्रियेला परवानगी देणे होय.

इंजिन का गेले, हेही शोधावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पुष्कळ इंजिने उष्णतेने मरतात. बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिल्याने आतल्या नळ्या क्षारांनी भरतात. पंखा मंद फिरतो, थर्मोस्टॅट अडकतो. हे तसेच ठेवून नवे इंजिन बसवले तर तेही पुढच्या मे महिन्यात त्याच वाटेने जाईल. म्हणून रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि होजपाइप यांचा खर्च इंजिनाच्या खर्चातच धरावा.

इंजिनाचे चार मार्ग

दोष पक्का झाल्यावर समोर चार मार्ग असतात.

पहिला मार्ग केवळ वरच्या कामाचा : हेड उतरवून फेसिंग, व्हॉल्व्ह आणि गॅस्केट. खालचा भाग चांगला असेल तरच हा पुरतो.

दुसरा मार्ग इंजिन बांधण्याचा. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन किंवा नवे लायनर, क्रँक ग्राइंडिंग, नवी बेअरिंग, ऑइल पंप. हे काम लेथवाल्याच्या हातावर आणि मिस्त्रीच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. याचा एक मोठा फायदा असा की ब्लॉक तोच राहतो, त्यामुळे इंजिन नंबरही तोच राहतो आणि कागद बदलावे लागत नाहीत.

तिसरा मार्ग भंगारातल्या गाडीचे जुने इंजिन आणण्याचा. हा स्वस्त आणि जलद, पण सर्वांत जोखमीचा. ते इंजिन किती चालले, कोणत्या गाडीतून निघाले, नंबर खाडाखोड केलेला आहे काय, हे पाहिल्याशिवाय हात लावू नये. चोरीच्या गाडीचे इंजिन निघाले तर पैसाही जातो आणि इज्जतही. पक्के बिल आणि मूळ गाडीच्या कागदांच्या नकला मिळत नसतील तर ते इंजिन फुकटातही महाग आहे.

चौथा मार्ग कंपनीचे नवे इंजिन. खात्रीचा, पण जुन्या गाडीला तो खर्च क्वचितच परवडतो.

मार्ग निवडताना गाडी कोणती आहे हेही पाहावे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, इंडिकाचे २०१८ मध्ये, ओम्नी आणि सुमोचे २०१९ मध्ये. तरी ओम्नी आणि मारुती ८०० यांत तेच ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन असल्याने आणि या गाड्या लाखोंनी विकल्या गेल्याने त्यांचे सुटे भाग आणि ते काम जाणणारे हात गावोगाव आहेत. उलट एखादी कमी विकली गेलेली विदेशी बनावटीची गाडी असेल तर एका सेन्सरसाठी ती महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहू शकते. धंद्याच्या गाडीला हे परवडत नाही.

पेट्रोल गाडीचे इंजिन बांधताना आणखी एक काम उरकून घ्यावे. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळत आहे. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नव्हते. इंजिन खोललेलेच आहे तर इंधनाचे पाइप आणि सील नव्या दर्जाचे घालावेत.

आधी सांगाडा पाहा

आमच्या दुकानाच्या ओम्नीचे इंजिन बांधायचे ठरले, तेव्हा आम्ही ॲडव्हान्स देण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून तिचे पोट पाहिले. मिस्त्री हसला, पण आम्ही हातोडीच्या दांड्याने पत्रा ठोकत गेलो. ज्या ठिकाणी सस्पेंशन बसते तेथील पत्रा खणखणीत वाजला, तेव्हाच इंजिन उतरवायला सांगितले. ती गाडी त्यानंतर तीन दिवाळ्या धावली.

ओम्नीसारख्या गाडीत वेगळी चेसिस नसते, पत्र्याची बॉडीच सारा भार घेते. तो पत्रा सडला की गाडी संपली. बोलेरो, सुमो यांना वेगळी चेसिस असते. तेथे चेसिसला तडा, वेल्डिंगची जुनी ठिगळे किंवा अपघातात आलेला बाक आहे काय ते पाहावे. याशिवाय गिअर पेटी, क्लच, स्टिअरिंग, ब्रेक, टायर आणि वायरिंग यांची यादी करून प्रत्येकाचा पुढील दोन वर्षांतील खर्च लिहून काढावा. इंजिनात नवा जोर आला की जुना क्लच आणि जुनी गिअर पेटी बोलू लागतात, हा सर्व मिस्त्र्यांचा अनुभव आहे.

कागद संपला की गाडी संपली

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचे उदाहरण घ्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. इंजिन चालू असो वा नसो, मुदतीपुढे इलाज नव्हता.

आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर गाडी तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. म्हणजे १५ वर्षे झाली म्हणून यवतमाळात गाडी आपोआप बाद होत नाही. पण खर्च वाढतो. १५ वर्षांवरील कारच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील कारसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. यात पर्यावरण कर वेगळा. मालवाहू गाडीला तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस काढावे लागते. म्हणून चौदाव्या वर्षी इंजिनावर खर्च करणाऱ्याने पंधराव्या वर्षीचा हा खर्चही आजच मांडावा आणि गाडी त्या तपासणीत उतरेल काय हे विचारावे.

इंजिन बदलून दुसऱ्या नंबरचे बसवले तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओला कळवून नोंदणी पुस्तकात नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. आधी मंजुरी घेतलेली नसेल तर १४ दिवसांत कळवण्याची तरतूद आहे. विमा कंपनीलाही कळवावे. अपघात झाला आणि इंजिनाचा नंबर कागदाशी जुळला नाही तर दावा अडकतो. हे लहान काम टाळून पुष्कळजण मोठ्या अडचणीत सापडतात.

विम्यातून इंजिनाचा खर्च निघेल अशी आशा मात्र ठेवू नये. साध्या मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. पावसाळ्यात नाल्याचे पाणी इंजिनात शिरले आणि तशीच चावी फिरवली, तर होणारे नुकसानही इंजिन संरक्षणाची जोडपॉलिसी असल्याशिवाय सहसा मिळत नाही.

आता हिशेब

येथे बहुतेक लोक चुकीच्या दोन आकड्यांची तुलना करतात. इंजिनाचा खर्च एकीकडे आणि गाडीची किंमत दुसरीकडे. "लाखाच्या गाडीला पंचावन्न हजार कशाला घालायचे?" असा प्रश्न विचारतात. खरी तुलना वेगळी आहे. ही गाडी दुरुस्त करून चालवली तर महिन्याला किती पडेल आणि तिच्याऐवजी दुसरी घेतली तर महिन्याला किती पडेल, हे पाहावे.

उदाहरणासाठी आकडे घेऊ. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालावेत.

समजा बारा वर्षांची व्हॅन आहे. बंद इंजिनासह आज ती ४५,००० ला जाते. इंजिन बांधण्याला ५५,००० आणि टायर, क्लच वगैरेला ३०,००० लागतात. म्हणजे ४५,००० ची वस्तू हातची न विकता ठेवली आणि वर ८५,००० घातले, एकूण १,३०,०००. तीन वर्षांनी ती ५०,००० ला विकली तर खर्च पडला ८०,०००. छत्तीस महिन्यांनी भागले तर महिन्याला सुमारे २,२०० रुपये.

दुसरा मार्ग म्हणजे तुलनेने नवी जुनी गाडी २,६०,००० ला घेतली, सुरुवातीची कामे २०,००० ची केली आणि तीन वर्षांनी १,५०,००० ला विकली. खर्च पडला १,३०,०००, महिन्याला सुमारे ३,६००. म्हणजे इंजिन बांधणे स्वस्त.

पण हीच जुनी व्हॅन एका वर्षात पत्र्यामुळे किंवा कागदामुळे सोडावी लागली आणि ७०,००० ला विकली, तर खर्च ६०,००० आणि महिने फक्त बारा. महिन्याला ५,०००. तोच खर्च, तेच इंजिन, पण सौदा तोट्याचा. या उदाहरणात गाडी साधारण वीस महिन्यांहून जास्त चालली तरच इंजिनाचा पैसा वसूल होतो. निर्णय इंजिनाच्या किमतीवर नाही, तर बाकीची गाडी अजून किती दिवस साथ देणार यावर ठरतो. म्हणूनच पत्रा आणि कागद आधी पाहावेत असा आमचा आग्रह आहे.

आकडे आजचे धरावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, सुट्या भागांवरही १८ टक्केच झाला. नव्याची किंमत उतरली की जुन्याचा भावही हलतो. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आल्यामुळे तिकडच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. अशी गाडी घेताना ना-हरकत दाखला, येथील कर आणि पुन्हा नोंदणीचा खर्च मिळवून मगच "स्वस्त" हा शब्द वापरावा.

भांडवल आणि हंगाम

वरच्या उदाहरणात एका मार्गाला रोख ८५,००० लागतात. दुसऱ्या मार्गात जुनी गाडी विकूनही २,३५,००० लागतात. फरक दीड लाखाचा. हा दीड लाख मालात राहिला तर तो वर्षातून अनेकदा फिरतो, गाडीत गेला तर उन्हात उभा राहून झिजतो. आपल्या जिल्ह्यात गिऱ्हाईकाच्या हातात पैसा येतो तो कापूस विकल्यावर. दिवाळीपासून लग्नसराईपर्यंत ज्याच्याकडे माल असेल तोच कमावतो. त्याआधी भांडवल गाडीत अडकवणे म्हणजे पेरणीच्या वेळी बियाणे विकणे.

व्याजाचे कर्ज टाळणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना तर हा हिशेब अधिकच लागू आहे, कारण त्यांची प्रत्येक गाडी रोखीतून येते. अशांनी जुनी गाडी चालू असतानाच दरमहा काही रक्कम गाडीच्या नावाने वेगळी ठेवावी. इंजिन विचारून बंद पडत नाही.

गाडी गॅरेजमध्ये असेल ते दिवसही खर्चात धरावेत. लेथवर नंबर लागतो, भाग नागपूरहून येतात. मधल्या बाजारांसाठी भाड्याची गाडी किती पडेल ते आधीच पाहावे. शक्य असल्यास हे काम मंदीच्या महिन्यांत काढावे.

मिस्त्री आणि मालक

मोटार मिस्त्री आणि लेथ कारागीर यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत, म्हणून त्यांनाही दोन शब्द. खर्चाचा अंदाज कागदावर द्यावा. जुने पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट मालकाला परत दाखवावेत. बोअरचे माप आणि पिस्टनचा आकार बिलावर लिहावा. किती महिन्यांची किंवा किती किलोमीटरची हमी हे बोलीत न ठेवता लेखी द्यावे. मालकानेही वारंवार भाव पाडून हलके भाग घालायला कारागिराला भाग पाडू नये, आणि नव्या इंजिनाला सुरुवातीचे हजार किलोमीटर ओझे न लादता सांभाळून चालवावे. पहिले ऑइल लवकर बदलावे.

गाडी सोडायचेच ठरले तर दोष सांगून विकावी. कापडाचा डाग दाखवून विकणारा व्यापारी इंजिनाचा डाग लपवत नाही. भंगारात द्यायची असेल तर नोंदणीकृत केंद्रात द्यावी आणि ठेव प्रमाणपत्र घ्यावे. नवी गाडी घेताना त्यावर मोटार वाहन करात सवलतीची तरतूद आहे, खासगी गाडीसाठी केंद्राच्या नियमांत तिची कमाल मर्यादा २५ टक्के आहे. आरटीओत जुनी नोंदणी रद्द झाल्याची खात्री करावी, म्हणजे आपल्या नंबरचा पुढे कोणी गैरवापर करणार नाही.

थोडक्यात क्रम असा : आधी दोष पक्का करावा, मग पत्रा आणि चेसिस पाहावी, मग नोंदणीची मुदत, मग बाकीच्या कामांची यादी आणि सर्वांत शेवटी महिन्याचा हिशेब. गाडी किमान दोन वर्षे खात्रीने साथ देईल असे दिसत असेल तर इंजिन बांधून घ्यावे. तशी खात्री नसेल तर त्या पैशाचा माल भरावा आणि तूर्त भाड्याच्या गाडीने बाजार करावा.